राजाचे खरेदीखत
(कोरियातील एका राजसमाधीचे उत्खनन आणि त्यापासून घ्यावयाचा बोध)

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत परदेशातील एका राजाच्या थडग्याची कथा कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकबंधूंच्या व भगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या पानांवर आजवर आपल्या पूर्वजांचे मूळ स्थान, कुलांची नावे, देवके, गोत्रे यांवर पुष्कळ लेखन झाले. त्यांतील कित्येक लेखांत कोणी आपले मूळ एका राजवंशात दाखविले, कोणी दुसऱ्या. वाद झाले, मनेही दुखावली. परंतु 'पुरावा म्हणजे काय?' या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. आम्ही आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला. त्या अनुभवावरून आम्हांस असे वाटते की, हा प्रश्न आपल्या घरापासून थोडा दूर नेऊन, जेथे आपला मानापमान गुंतलेला नाही अशा ठिकाणी पाहिला, तर तो अधिक स्वच्छ दिसेल. म्हणून कोरिया देशातील बेक्जे राज्याचा राजा मुर्योंग याच्या समाधीची ही हकीगत येथे सादर करीत आहोत.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे आपल्याकडे वाकाटकांच्या राज्यात अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी कोरली जात होती त्या सुमारास, कोरियाच्या द्वीपकल्पावर तीन राज्ये परस्परांशी झुंजत होती. उत्तरेस गोगुर्यो, आग्नेयेस सिल्ला आणि नैऋत्येस बेक्जे. इसवी सन ४७५ मध्ये गोगुर्योच्या सैन्याने बेक्जेची राजधानी जिंकली, राजाला ठार केले, आणि उरलेल्या लोकांनी दक्षिणेकडे सरकून एका नदीकाठी डोंगरांच्या आडोशाला नवी राजधानी वसविली. तिचे तेव्हाचे नाव उंगजिन. आजचे नाव गोंगजू. अशा पडत्या काळात, आधीच्या राजाचा खून झाल्यावर, इ. स. ५०१ मध्ये मुर्योंग गादीवर आला. त्याने बावीस वर्षे राज्य केले. नद्यांचे बांध मजबूत करावेत व भटकणाऱ्या निराधार लोकांना पुन्हा शेतीवर बसवावे, अशी आज्ञा त्याने इ. स. ५१० मध्ये काढल्याची नोंद आहे. इ. स. ५२१ मध्ये त्याने चीनमधील लिआंग सम्राटाकडे वकील पाठवून आपले राज्य पुन्हा बलिष्ठ झाल्याचे कळविले. सम्राटाने त्याला 'पूर्वेस शांतता राखणारा महासेनापती' अशा अर्थाचा किताब दिला. दोन वर्षांनी राजा निवर्तला. त्याच्या पुत्राने ५३८ मध्ये राजधानी तेथून हलविली आणि ६६० मध्ये ते राज्यच नामशेष झाले.

राज्य गेले की राजांची थडगीही पोरकी होतात. बेक्जेच्या थडग्यांना बाजूने आत शिरावयाचा मार्ग असे. त्यामुळे चोरांना ती फोडणे सोपे गेले आणि शतकानुशतके ती लुटली गेली. गोंगजूजवळच्या सोंगसान-री टेकडीवरची थडगीही त्याच वाटेने गेली. पुढे कोरिया जपानच्या अमलाखाली असताना, १९३३ मध्ये, याच टेकडीवर विटांनी बांधलेले एक सुंदर थडगे उघडले गेले. त्याच्या भिंतींवर चार दिशांच्या देवतांची चित्रे होती. ते पुढे सहाव्या क्रमांकाचे थडगे म्हणून ओळखले जाऊ लागले. ते खोदण्यात ज्याचा पुढाकार होता तो गोंगजूच्या शाळेतील एक जपानी शिक्षक. थडगे आधीच लुटलेले होते, असे त्याने लिहून ठेवले. कोरियन विद्वानांनी मात्र त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि आतील वस्तूंचा पत्ता अद्याप लागलेला नाही. ज्याच्या हाती मुलांना इतिहास शिकविण्याचे काम, त्याच्याच नावावर असा डाग राहावा, हे आमच्या पेशाच्या दृष्टीने लाजिरवाणे होय. तथापि दैवाची गंमत अशी की, त्या थडग्याच्या मागील उंचवटा ही पाठराखण म्हणून मुद्दाम रचलेली टेकडी असावी, अशी त्याची समजूत झाली आणि त्याने तिला हात लावला नाही. त्या उंचवट्याच्या पोटातच मुर्योंग राजा निजलेला होता!

पुढे अडतीस वर्षे गेली. पाचव्या व सहाव्या थडग्यांत पावसाळ्यात पाणी झिरपत असे. ते अडविण्यासाठी १९७१ च्या जूनअखेर त्यांच्या मागील बाजूस चर खणण्यास सुरुवात झाली. ५ जुलै रोजी एका मजुराचे हत्यार कठीण वस्तूवर आदळले. माती दूर करता वीट दिसली. विटेमागे वीट, आणि हळूहळू कमानीचा माथा दिसू लागला. ज्या राजाने आपल्या हयातीत पाण्याला बांध घातले, त्याचे थडगे चौदा शतकांनंतर पाण्यासाठी खणलेल्या चरानेच उजेडात यावे, हा योगायोग मोठा विलक्षण खरा.

सेऊलहून तातडीने एक पथक आले. त्याचे प्रमुख होते राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक किम वॉन-योंग. हे कोरियातील त्या काळचे अग्रगण्य पुरातत्त्वज्ञ. ७ जुलैला दारासमोरची माती काढण्यास प्रारंभ झाला, तोच रात्री मुसळधार पाऊस कोसळला. खणलेल्या खड्ड्यात पाणी साचून ते थडग्यात शिरेल अशी धास्ती पडली, तेव्हा रात्रीच पाणी काढून देण्यासाठी चर खणावा लागला. ८ तारखेस पाऊस थांबला. दुपारी मृतात्म्याच्या शांतीसाठी साधा विधी करण्यात आला आणि चारच्या सुमारास दार बंद करणाऱ्या विटांपैकी वरच्या विटा काढल्या गेल्या. किम आणि गोंगजू संग्रहालयाचे प्रमुख असे दोघे प्रथम आत गेले.

आत काय होते? प्रथम एक बुटका, अरुंद मार्ग. त्याच्या मध्यावर, दाराकडे तोंड करून, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा एक दगडी पशू उभा होता. अंगावर पंख कोरलेले, डोक्यावर लोखंडी शिंग, आणि ओठांवर तांबडा रंग. हा थडग्याचा राखणदार. त्याच्या पुढ्यात दोन चौकोनी शिळा मांडलेल्या आणि त्यांवर लोखंडी नाण्यांची एक चळत. मार्गाच्या पलीकडे कमानदार छताचे दालन. लांबी सव्वाचार मीटरांच्या आतबाहेर, रुंदी पावणेतीन मीटर, उंची सुमारे तीन मीटर. भिंतींच्या विटांवर कमळे उमटविलेली. बौद्ध धर्माबरोबर हे कमळ भारतातून चीनमध्ये गेले आणि तेथून बेक्जेत पोहोचले. येथे ते एका राजाच्या शेजघराची शोभा झाले होते. भिंतींत पाच कोनाडे, आणि प्रत्येक कोनाड्यात चिनी मातीची एकेक पणती. शेवटच्या माणसाने बाहेर पडून दार चिणले तेव्हा या पणत्या तेवत असतील आणि आतील हवा संपली तशा एकेक करून विझल्या असतील. जमिनीवर कुजून कोसळलेल्या शवपेट्यांच्या फळ्या होत्या. पूर्वेस राजाची, पश्चिमेस राणीची. चोराचा हात येथे कधीच लागलेला नव्हता.

किम यांनी त्या शिळांवरील चिनी अक्षरे वाचली. त्यांचा आशय असा: महासेनापती, बेक्जेचा राजा सामा, वय बासष्ट, अमुक वर्षी पाचव्या महिन्याच्या सातव्या दिवशी निवर्तला, आणि अमुक वर्षी आठव्या महिन्याच्या बाराव्या दिवशी या महासमाधीत ठेविला गेला. ही वर्षे म्हणजे इ. स. ५२३ आणि ५२५. 'सामा' हे मुर्योंगचे हयातीतील नाव होते, हे जुन्या बखरींवरून ठाऊक होतेच. काही मिनिटांतच दोघे बाहेर आले आणि समाधी कोणाची ते जमलेल्या लोकांना सांगण्यात आले. बेक्जेच्या साऱ्या राजांपैकी ज्याचे थडगे नावानिशी ओळखता येते असा हा एकच राजा.

आता या शिळांचे महत्त्व पाहावे. कोरियाची 'सम्गुक सागी' ही बखर इ. स. ११४५ मध्ये, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. तिच्यात मुर्योंग ५२३ च्या पाचव्या महिन्यात वारल्याचे लिहिले आहे. शिळेने त्यावर शिक्कामोर्तब केले. परंतु त्याच बखरीत तो आपल्या आधीच्या दोंगसोंग राजाचा पुत्र म्हटला आहे. शिळेवरील वय धरले, तर त्याचा जन्म इ. स. ४६२ च्या सुमारास पडतो, आणि मग तो दोंगसोंगचा पुत्र असणे जुळत नाही, असे बहुतेक विद्वानांचे मत झाले. उलट 'निहोन शोकी' या जपानी ग्रंथात त्याचा जन्म ४६१ साली एका बेटावर झाला आणि बेटावरून त्याचे नाव पडले, असे लिहिलेले आहे. ते सन शिळेशी एका वर्षाच्या अंतराने जुळते. ज्या बखरीची एक नोंद खरी ठरली तिचीच दुसरी नोंद डळमळीत झाली! एका वाक्यात वय, दिवस, महिना आणि वर्ष सांगणाऱ्या दगडाची ही शक्ती आहे. तो कोणाची स्तुती करीत नाही, कोणाची निंदा करीत नाही, आणि जे त्याला ठाऊक नाही ते सांगत नाही.

दुसरी शिळा तर आमच्या मते पहिलीहूनही मनोवेधक आहे. तिच्या एका अंगावर चक्क खरेदीखत कोरलेले आहे! राजा सामा याने दहा हजार नाणी देऊन भूमीच्या देवतांकडून व त्यांच्या अधिकाऱ्यांकडून ही जागा समाधीसाठी विकत घेतली, त्याबद्दल हे खत करून दिले आहे, आणि यास दुसरा कायदा लागू नाही, असा त्याचा मथितार्थ. शिळांवर ठेवलेली सुमारे नव्वद लोखंडी नाणी ही त्याच व्यवहारातील रक्कम समजावयाची. ती नाणी लिआंग सम्राटाच्या टांकसाळीतील आहेत, आणि तशी लोखंडी नाणी पाडण्यास ५२३ मध्येच, म्हणजे राजाच्या मृत्यूच्याच वर्षी, आरंभ झाला होता. आपल्याकडील ताम्रपटांत राजा भूमी दान देतो आणि ती हिरावणाऱ्यास शाप देतो. येथे अख्ख्या राज्याचा धनी चार हात जमिनीसाठी धरणीमातेपुढे गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो, मोल देतो आणि पावती घेतो. आपण घर बांधताना भूमिपूजन करून जमिनीची अनुज्ञा मागतो, त्यामागील भावना याहून फार वेगळी नसावी. माणूस कितीही मोठा झाला तरी जमीन त्याची नव्हे, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

राणी इ. स. ५२६ च्या अखेरीस वारली आणि ५२९ च्या दुसऱ्या महिन्यात तिला पतीशेजारी ठेवण्यात आले. दोघांनाही दफनापूर्वी सुमारे सत्तावीस महिने अन्यत्र ठेविले होते; एवढा प्रदीर्घ सुतककाळ त्या राजघराण्यात पाळला जात असे. राणीसाठी दार पुन्हा उघडले तेव्हा खरेदीखताचीच शिळा उलटी करून तिच्या दुसऱ्या अंगावर राणीचा लेख कोरला. तिच्या मनगटाजवळ चांदीच्या बांगड्यांची एक जोडी सापडली. त्यांवर ड्रॅगनची आकृती आहे, आणि आतल्या बाजूस अक्षरे कोरलेली आहेत: अमुक वर्षी, म्हणजे ५२० साली, 'तारी' नावाच्या कारागिराने महाराणीसाठी ही घडविली. वाचकहो, राणीच्या शिळेवर राणीचे स्वतःचे नाव नाही. केवळ पदवी आहे. पण तिच्या बांगडीवर सोनाराचे नाव आहे. जगातील राजसमाधी राजांची नावे सांगतात. हातांनी काम करणाऱ्याचे नाव क्वचित उरते. येथे ते उरले, कारण त्याने ते लिहिले.

शवपेट्यांच्या लाकडाची तपासणी पुढे झाली, तेव्हा ते जपानात नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या एका सूचिपर्णी वृक्षाचे असल्याचे आढळले. थडग्याची बांधणी चिनी पद्धतीची, लाकूड जपानचे, मुकुटावरची सोन्याची नक्षी बेक्जेची. एका दालनात तीन देशांचे संबंध साक्षात दिसतात. २००१ च्या डिसेंबरात जपानचे तत्कालीन सम्राट अकिहितो यांनी, आठव्या शतकातील सम्राट कान्मू यांची माता मुर्योंग राजाच्या वंशातील असल्याची नोंद जुन्या जपानी इतिहासग्रंथात आहे, असे जाहीरपणे सांगून कोरियाशी आपले नाते वाटते असे म्हटले. सम्राटाने सुद्धा वंशाविषयी बोलताना ग्रंथातील नोंदीकडे बोट दाखविले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथवर कथा आनंदाची झाली. आता तिची दुसरी बाजू सांगणे भाग आहे.

समाधी कोणाची ते कळताच गोंगजूत एकच खळबळ उडाली. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी लोटले, गावकरी जमले, टेकडी माणसांनी भरून गेली. छायाचित्रे घेऊ द्या, असा धोशा सुरू झाला. प्रतिनिधींना आळीपाळीने डोकावू दिले, तेव्हा त्या गडबडीत कोणाच्या तरी पायाखाली एक काशाचा चमचा मोडला, असे उपस्थितांनी पुढे सांगितले. गर्दी आवरेना. मग, वस्तू सुरक्षित राहाव्यात तर त्या लवकर बाहेर काढल्या पाहिजेत, असा निर्णय झाला. दिवे लावून रात्रभर काम चालले. घाईघाईने रेखाटने केली, छायाचित्रे घेतली, मोठ्या वस्तू उचलल्या, आणि मुळांच्या जाळ्यात अडकलेले मणी, सोन्याचे पत्रे, लाकडाचे तुकडे मातीसकट गोळा करून गोण्यांत भरले. ९ जुलैच्या सकाळी समाधी रिकामी झाली होती. चौदाशे बेचाळीस वर्षे जे जसेच्या तसे होते, ते एका रात्रीत उचलले गेले!

वस्तू हरवल्या नाहीत, मग गेले काय? असे कोणी विचारील. गेले ते त्यांचे परस्परांतील नाते. कोणता मणी गळ्यातला, कोणता वस्त्रावरचा, कोणती वस्तू आधी ठेवली आणि कोणती नंतर, फळी कोणत्या बाजूस पडली, हे सारे जागेवरच वाचावयाचे असते. जागा सुटली की ती लिपी पुसली. मणी संग्रहालयात आहे, पण त्याचे वाक्य मोडले. पहिल्या अहवालात वस्तूंची संख्या सुमारे तीन हजार होती. पुढे ती साडेचार हजारांवर गेली, आणि अलीकडच्या मोजणीत पाच हजारांच्या वर भरली. एका रात्रीत जे गोळा केले ते मोजण्यास पन्नास वर्षे लागली, यातच सर्व आले.

किम वॉन-योंग यांच्याविषयी एक गोष्ट आदराने सांगितली पाहिजे. १९९३ मध्ये ते निवर्तले. तत्पूर्वी त्यांनी आपल्या लेखनात, त्या रात्री आपण भान हरपून बसलो आणि काम थांबवून महिनोन्महिने सावकाश करावयास हवे होते, असे उघडपणे कबूल केले. शिखरावर बसलेल्या विद्वानाने असे लिहिणे सोपे नसते. त्या कबुलीचा उपयोगही झाला. १९७३ मध्ये ग्योंगजू येथे सिल्ला राजांच्या काळातील 'चोन्माचोंग' ही प्रचंड समाधी खोदण्यात आली तेव्हा काम महिनोन्महिने चालले, आणि तेथील अकरा हजारांवर वस्तू नीट नोंदून काढल्या गेल्या. एका समाधीचे नुकसान दुसरीच्या कामी आले.

गोंगजूच्या नागरिकांनीही आपला वाटा उचलला. सापडलेला ठेवा सेऊलला नेऊ नये, यासाठी त्यांनी आग्रह धरला, आणि आज तो त्यांच्याच गावच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लोकांच्या येण्याजाण्याने विटांना इजा होऊ लागली, तेव्हा १९९७ मध्ये समाधीचे दालन प्रेक्षकांसाठी बंद करण्यात आले आणि शेजारी तिची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली. २०१५ मध्ये बेक्जेची ऐतिहासिक स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. त्यांत या टेकडीचाही समावेश आहे.

वाचकबंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांनी समाध्या बांधल्या नाहीत. आपल्याकडे दहनाची चाल. आपला ठेवा असतो तो माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, मोडी लिपीतील जुन्या खतांत, लग्नाच्या याद्यांत, भांड्यांवर घातलेल्या नावांत. घर पाडताना, वाटण्या होताना, हा ठेवा एका दिवसात गोण्यांत भरून जातो. त्यातील कागद कोणाचा, कोणत्या घरचा, कोणत्या ट्रंकेतला, हे लिहिल्यावाचून तो उचलू नये; आणि ज्याला वाचता येत असेल त्याच्याकडून तो शांतपणे वाचवून घ्यावा. त्यात आपल्या कुळाचा मूळ पुरुष राजा निघाला नाही, साधा कुणबावा करणारा किंवा हातोडी चालविणारा निघाला, तरी त्याची तारीख आणि त्याचे नाव हेच आपले खरे धन. तारी कारागिराचे घराणे कोणते होते, हे कोणास ठाऊक नाही. तरी पंधराशे वर्षांनंतर त्याचे नाव आम्ही येथे आदराने लिहीत आहोत.